एक सेकंद शिल्लक असताना

२२ ऑक्टोबर २००४ची रात्र, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे अटलांटिक सिटी. अष्टकोनी पिंजऱ्यात तेवीस वर्षांचा एक कॅनेडियन तरुण खाली पडलेला आहे आणि त्याचा हात मॅट ह्यूज नावाच्या मल्लाच्या मांड्यांमध्ये अडकला आहे. ह्यूज कंबर वर रेटतो. कोपराचा सांधा उलट्या दिशेने ताणला जाऊ लागतो आणि तो तरुण हात आपटून हार कबूल करतो. घड्याळात पहिल्या फेरीची चार मिनिटे एकोणसाठ सेकंद झालेली असतात. फेरी पाच मिनिटांची. आणखी एक सेकंद कळ काढली असती, तर ती संपली असती.

त्या तरुणाचे नाव जॉर्ज सेंट-पिएर. ह्यूज हा त्याचा आदर्श होता. लढतीआधी पंचाने दोघांना समोरासमोर उभे केले, तेव्हा ह्यूजच्या नजरेला नजर देण्याची आपली हिंमत झाली नाही, हे त्याने पुढे स्वतःच अनेकदा सांगितले. हात आवळला गेला तो नंतर; लढत त्याआधीच निम्मी हातची गेली होती.

चौदा वर्षांनी तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यावर २८ व्यावसायिक लढती होत्या. त्यांतल्या २६ त्याने जिंकल्या, दोन हरला, आणि ज्या दोघांकडून हरला त्या दोघांनाही पुढे हरवले. वेल्टरवेट म्हणजे ७७ किलोच्या गटाचे विजेतेपद त्याने सलग नऊ वेळा राखले. मग चार वर्षे पिंजऱ्याबाहेर राहून तो परतला आणि वरच्या गटाचाही विजेता झाला. मिश्र मार्शल आर्ट्सचा, म्हणजे एमएमएचा, इतिहास सांगताना पहिल्या चार-पाच नावांत त्याचे नाव घ्यावेच लागते. तरीही ही प्रस्तावना त्या एका सेकंदापासून सुरू करावीशी वाटते, कारण या लढवय्याची सारी घडण त्या हरण्याच्या पुढच्या काळात झाली. व्यावसायिक लढवय्याची कारकीर्द म्हणजे काय असते, ती कशी उभी राहते, काय देते आणि काय मागते, हे समजून घ्यायला सेंट-पिएरइतके उघडे आणि प्रामाणिक उदाहरण शोधून सापडणार नाही.

मराठी वाचकाला कुस्ती सांगावी लागत नाही. तालीम, वस्ताद, जोर-बैठका, लाल माती हे सगळे त्याच्या घरचे आहे. म्हणून एमएमएची ओळख कुस्तीकडूनच करून दिलेली बरी. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की निकाल लागतो. चीतपट झालेला मल्ल हरलेला असतो. एमएमएत पाठ जमिनीला लागली की लढतीचा एक नवा भाग सुरू होतो. वरचा माणूस ठोसे मारू शकतो, कोपर मारू शकतो. खालचा माणूस पायांनी त्याची कंबर जखडून त्याचा हात मुरगळू शकतो, मांड्यांच्या कात्रीत त्याचा गळा आवळू शकतो. उताणा पडलेला माणूस लढत जिंकू शकतो, ही गोष्ट जगाला पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती १२ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात. अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे यूएफसी, या स्पर्धेचा तो पहिला दिवस. ब्राझीलचा रॉयस ग्रेसी हा शिडशिडीत तरुण त्या दिवशी एकापाठोपाठ एक तीन प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन हार मानायला लावून विजेता ठरला. मुष्टियुद्ध, कराटे, कुस्ती यांतले श्रेष्ठ काय, या जुन्या वादाला त्या संध्याकाळी अनपेक्षित उत्तर मिळाले.

सुरुवातीच्या त्या स्पर्धांत नियम इतके थोडे होते की अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्यांवर बंदी घातली. न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने २०००-२००१च्या सुमारास एकसमान नियम घडवले गेले. वजनगट आले, पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या. साध्या लढतीला तीन फेऱ्या आणि विजेतेपदाच्या लढतीला पाच. बोटे मोकळी ठेवणारे छोटे हातमोजे आणि मानेच्या मागे मारणे, डोळ्यांत बोटे घालणे यांना मनाई, हेही त्या नियमांत पक्के झाले. जानेवारी २००१ मध्ये यूएफसी अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेली. सेंट-पिएरची पहिली व्यावसायिक लढत त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २००२ मध्ये मॉन्ट्रियल शहरात झाली. म्हणजे खेळाला नुकते कुठे नियमांचे कुंपण मिळत होते, तेव्हा हा मुलगा त्यात शिरला. खेळ आणि खेळाडू बरोबरीने वाढले.

त्याचा जन्म १९ मे १९८१चा, कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातल्या सेंट-इसिडोर या लहानशा गावातला. शाळेत मोठी मुले त्याला मारत, त्याचे कपडे आणि पैसे हिसकावून घेत. सातव्या वर्षी वडिलांनी त्याला क्योकुशिन कराटे शिकवायला सुरुवात केली. क्योकुशिन ही कराटेतली कठोर शाखा. तिच्यात समोरच्याच्या छातीवर, पोटावर, मांड्यांवर पूर्ण ताकदीने प्रहार करायचे असतात, डोक्यावर लाथ चालते, पण हाताने चेहऱ्यावर मारायला परवानगी नाही. वयाच्या बाराव्या वर्षी त्याच्याकडे काळा पट्टा होता. मार खाणे आणि उभे राहणे हे दोन्ही त्याला तिथे मिळाले. चेहऱ्यावर येणारा ठोसा चुकवणे मात्र मिळाले नाही, ते पुढे वेगळे शिकावे लागले. रॉयस ग्रेसीच्या लढती पाहिल्यावर आपण काय व्हायचे हे त्याने ठरवून टाकले. त्याच्याहून कितीतरी अवजड माणसांना तंत्राच्या जोरावर नमवणारा तो ब्राझीलियन माणूस, शाळेत मार खाल्लेल्या मुलाला किती जवळचा वाटला असेल, हे सहज समजते.

या खेळात त्या काळी पोट भरत नव्हते. सेंट-पिएरने शिक्षणाच्या खर्चासाठी नाइटक्लबच्या दारावर पहारा दिला आणि सहा महिने कचरा उचलण्याच्या गाडीवर काम केले. त्या कामातून उरलेल्या वेळेत आणि उरलेल्या पैशांत तो मॉन्ट्रियलहून बस पकडून न्यूयॉर्कला जायचा. मॅनहॅटनमध्ये रेन्झो ग्रेसीची जुजुत्सूची, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या डावांची, शाळा होती आणि तिथे जॉन डॅनाहर हा शिक्षक होता. सेंट-पिएरला इंग्रजी जेमतेम यायचे. हा मुलगा रात्रभराचा प्रवास करून येतो, शनिवार-रविवार चटईवर लोळतो आणि पुन्हा बसने परत जातो. डॅनाहर पुढे त्याचा आयुष्यभराचा गुरू झाला.

इथे या कारकिर्दीचा पहिला धागा हाती लागतो. सेंट-पिएरचा वस्ताद एक नव्हता. जुजुत्सूसाठी डॅनाहर, रोजच्या सरावासाठी आणि लढतीच्या आखणीसाठी मॉन्ट्रियलच्या ट्रायस्टार जिमचा फिरास झहाबी, मुए थाय या थाई मुष्टियुद्धासाठी न्यूयॉर्कचा फिल नर्स, डावपेचांसाठी न्यू मेक्सिकोचा ग्रेग जॅक्सन, मुष्टियुद्धासाठी लॉस एंजेलिसचा फ्रेडी रोच. आणि कुस्तीसाठी मॉन्ट्रियलमधले कॅनडाच्या राष्ट्रीय संघातले मल्ल. शाळा-कॉलेजात एकही कुस्ती न खेळलेला हा कराटेवाला त्या मल्लांच्या चटईवर जाऊन रोज आपटी खायचा. विजेता झाल्यानंतरही जायचा. जिथे आपण सर्वांत कच्चे आहोत तिथे नवशिक्या म्हणून उभे राहण्याची लाज त्याला वाटली नाही. पुढे त्याने शरीराचा तोल आणि लवचीकपणा वाढवायला जिम्नॅस्टिक्सही शिकले.

या मेहनतीचे फळ नेमके कसे दिसते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. सेंट-पिएर डावा पाय पुढे ठेवून, कराटेवाल्यासारखा थोडा दूर उभा राहतो. डाव्या हाताचा सरळ ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, तो समोरच्याच्या नाकावर टेकवतो. पुन्हा टेकवतो. तिसऱ्यांदा खांदा तसाच हलतो, समोरचा माणूस सवयीने हात वर घेतो, वजन टाचांवर जाते. हात आलाच नाही. सेंट-पिएर तोवर गुडघे वाकवून खाली उतरलेला असतो आणि दोन्ही हात त्या माणसाच्या दोन्ही गुडघ्यांमागे गेलेले असतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रेक्षकाला या डावाचे नाव सांगायची गरज नाही. तो सरळसरळ दुहेरी पट आहे. फरक एवढाच, की कुस्तीत पट काढायला मल्ल हाताची पकड झटकून शिरतो आणि सेंट-पिएर ठोशाच्या आडून शिरायचा. ठोसा येणार की पट, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. यूएफसीतल्या लढतींत त्याने असे ९० वेळा प्रतिस्पर्ध्यांना खाली आणले. त्यांत कॉलेज कुस्तीचा अमेरिकेतला राष्ट्रीय विजेता जॉश कॉसचेक होता आणि राष्ट्रीय पातळीवर गाजलेला खुद्द मॅट ह्यूजही होता. आयुष्यभर कुस्ती खेळलेल्यांना कुस्तीतच मागे टाकणारा कराटेवाला, हे दृश्य त्याच्या आधी कुणी पाहिले नव्हते.

१८ नोव्हेंबर २००६ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये तो ह्यूजसमोर पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याने नजर वळवली नाही. दुसऱ्या फेरीत डाव्या पायाची लाथ ह्यूजच्या डोक्यावर बसली, पाठोपाठ ठोसे आले आणि पंचाने लढत थांबवली. पंचवीस वर्षांचा सेंट-पिएर विजेता झाला.

आणि पाच महिन्यांत सगळे गमावून बसला. ७ एप्रिल २००७, टेक्सासमधले ह्यूस्टन. समोर मॅट सेरा. टीव्हीवरच्या स्पर्धेतून विजेतेपदाच्या लढतीची संधी मिळवलेला हा जुजुत्सूचा जाणकार. पैजा लावणाऱ्यांनी त्याला जवळपास हिशेबातच धरले नव्हते. पहिल्याच फेरीत सेराचा उजवा ठोसा सेंट-पिएरच्या कानामागे बसला, त्याचे पाय लटपटले, आणि मग ठोशांचा मारा सुरू झाला तो त्याने हार मानेपर्यंत थांबला नाही. साडेतीन मिनिटांच्या आत सगळे आटोपले होते. यूएफसीच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या अनपेक्षित निकालांत हा आजही गणला जातो. विशेष म्हणजे सेरा हा त्याच रेन्झो ग्रेसीचा शिष्य, ज्याच्या शाळेत सेंट-पिएर बसने शिकायला जात असे.

पराभवानंतर सेंट-पिएरने आधी कारणे दिली: दुखापत, घरच्या अडचणी. मग त्याने ती कारणे मागे घेतली आणि सेराची माफी मागितली. क्रीडा-मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने एका विटेवर सेराचे नाव लिहिले, ती वीट जवळ बाळगली आणि मग नदीत फेकून दिली. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट लढवय्यांच्या जगात फार बोलली जाते, कारण ठोसा खाल्ल्याची आठवण काढून टाकणे किती अवघड असते हे त्यांनाच माहीत आहे. पुढच्या लढतीत त्याने कॉसचेकला हरवले, त्याच वर्षाअखेरीस ह्यूजला हरवले. ह्यूजला त्याने हरवले तेही हाताच्या आर्मबारनेच, म्हणजे २००४ मध्ये ज्या डावाने स्वतः हरला होता त्याच डावाने. आणि १९ एप्रिल २००८ रोजी मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये, कॅनडात पहिल्यांदाच झालेल्या यूएफसीच्या कार्यक्रमात, २१ हजारांहून अधिक लोकांसमोर त्याने सेराला दुसऱ्या फेरीत नमवले. सेराच्या बरगड्यांत एकामागून एक गुडघे बसत होते, तेव्हा त्या सभागृहात कानठळ्या बसतील असा आवाज होता.

तिथून पुढची साडेपाच वर्षे त्याने विजेतेपदाचा पट्टा सोडला नाही. जॉन फिच, बी. जे. पेन, थियागो आल्वेस, डॅन हार्डी, कॉसचेक, जेक शिल्ड्स, कार्लोस कॉन्डिट, निक डिआझ, जॉनी हेंड्रिक्स. नऊ नावे, नऊ लढती. टोरंटोत शिल्ड्सविरुद्धच्या लढतीला, एप्रिल २०११ मध्ये, ५५,७२४ प्रेक्षक होते. एमएमए उत्तर अमेरिकेत मुख्य प्रवाहातला खेळ झाला, त्यात या काळाचा मोठा वाटा आहे. सूट घालून मृदू बोलणारा, फावल्या वेळात डायनोसॉरच्या जीवाश्मांत रमणारा, प्रतिस्पर्ध्याशी अदबीने वागणारा हा माणूस पाहून अनेकांचे या खेळाबद्दलचे मत बदलले. मोठ्या क्रीडासाहित्य कंपन्यांनी त्याच्याशी करार केले.

या राजवटीवर टीकाही झाली आणि ती इथे नोंदवली पाहिजे. नऊपैकी आठ लढती पूर्ण पाच फेऱ्या चालून गुणांवर सुटल्या. सेंट-पिएर धोका पत्करत नाही, पट काढून वर बसतो आणि गुण मोजत राहतो, असे प्रेक्षकांतला एक वर्ग म्हणत राहिला. पेनविरुद्धच्या लढतीत त्याच्या अंगाला व्हॅसलीन लागल्याचा आक्षेप पेनच्या बाजूने घेतला गेला. नेवाडाच्या क्रीडा आयोगाने त्यावर कोणतीही शिक्षा केली नाही, पण वाद राहिला. सेराच्या एका ठोशाने जे गेले ते पुन्हा जाऊ द्यायचे नाही, ही खूणगाठ त्याच्या सावधपणामागे होती, असे त्याच्या सगळ्या लढती ओळीने पाहिल्यावर वाटते. २००७ पूर्वीचा सेंट-पिएर आणि नंतरचा सेंट-पिएर यांत धाडसाचा फरक आहे. त्याने काय मिळवले आणि काय सोडले, याचा हिशेब वाचकाने स्वतः मांडावा.

सावध लढला म्हणून शरीर सुटले असे मात्र झाले नाही. आल्वेसविरुद्ध तिसऱ्या फेरीत त्याच्या जांघेचा स्नायू फाटला आणि तो उरलेली लढत तसाच लढला. शिल्ड्सविरुद्ध एका डोळ्याने दिसेनासे झाले. डिसेंबर २०११ मध्ये उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, शस्त्रक्रिया झाली, शिल्ड्सच्या लढतीनंतर दीड वर्षाहून अधिक काळ पिंजऱ्याबाहेर गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये परतला तेव्हा कॉन्डिटची लाथ तिसऱ्या फेरीत थेट डोक्यावर बसली. सेंट-पिएर कोसळला, कॉन्डिट त्याच्या अंगावर आला. सेराच्या वेळी जे झाले तेच पुन्हा होणार असे साऱ्या बेल सेंटरला वाटले. खाली पडलेल्या सेंट-पिएरने पाय मध्ये आणले, अंतर राखले, हळूहळू सावरला, आणि त्याच फेरीच्या शेवटी तो वर होता. डॅनाहरच्या चटईवर घालवलेले शनिवार-रविवार त्या मिनिटभरात कामाला आले. लढत त्याने जिंकली.

प्रेक्षक जे पाहतो ते पंधरा किंवा पंचवीस मिनिटांचे. बाकीचे दिसत नाही. लढवय्या वर्षातून दोन, फार तर तीन लढती करतो. प्रत्येकीआधी आठ-दहा आठवड्यांचे खडतर प्रशिक्षण असते आणि बहुतेक दुखापती तिथेच होतात. शेवटच्या आठवड्यात वजन उतरवण्याचे दिव्य. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभे राहायचे म्हणून शरीरातले पाणी काही दिवसांत काढून टाकायचे, गरम पाण्यात बसायचे, घाम गाळायचा, आणि काट्यावरून उतरल्यावर चोवीस तासांत ते पाणी परत भरायचे. सुकलेल्या शरीरावर, सुकलेल्या मेंदूवर दुसऱ्या दिवशी ठोसे पडणार असतात. या प्रथेने जीव गेल्याची उदाहरणे या खेळात आहेत.

पैशांचे गणितही वेगळे आहे. यूएफसीचे लढवय्ये कंपनीचे कर्मचारी नसतात, ते स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात. सर्वसाधारण करारात दोन रकमा असतात: एक पिंजऱ्यात उतरल्याबद्दल आणि तेवढीच दुसरी जिंकल्याबद्दल. पंचांच्या एका गुणाने हरलेल्याचे उत्पन्न अर्ध्यावर येते. त्यातून प्रशिक्षकांचा वाटा, व्यवस्थापकाचा वाटा, सरावाचा आणि औषधोपचाराचा खर्च. सेंट-पिएरसारख्या मोजक्या ताऱ्यांना टीव्हीच्या विक्रीतला हिस्सा मिळाला, प्रायोजक मिळाले. पहिल्या लढतीत हरून परत फिरलेल्या शेकडोंना यातले काही नाही. २००१ मध्ये २० लाखांना घेतलेली कंपनी २०१६ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरना विकली गेली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला काही लढवय्यांनी एकत्र येऊन संघटना जाहीर केली. त्यांत सेंट-पिएर पुढे उभा होता, जरी त्याला स्वतःला पैशांची ददात नव्हती. ती संघटना फार काळ तगली नाही. पण २००८ मध्ये त्याच्याशी पाच फेऱ्या लढलेला जॉन फिच आणखी काही लढवय्यांसह २०१४ मध्येच कोर्टात गेला होता: कंपनीने बाजार मुठीत ठेवून आमचे मोल पाडले, असा त्यांचा दावा. तो खटला दहा वर्षे चालला आणि ३७ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. त्या रकमेचा हिस्सा, पिंजऱ्यात एकेकाळी घाम आणि रक्त सांडून विसरल्या गेलेल्या शेकडो जणांपर्यंत जाणार होता. पिंजऱ्यात ज्याला सेंट-पिएरने हरवले, त्याने बाहेर जिंकलेली ही लढत या खेळाच्या इतिहासात तितकीच मोलाची आहे.

१६ नोव्हेंबर २०१३ला हेंड्रिक्सविरुद्ध तीनपैकी दोन पंचांनी कौल दिला म्हणून सेंट-पिएरचा पट्टा राहिला. चेहरा सुजलेला, कापलेला. त्याने त्याच पिंजऱ्यात उभे राहून सांगितले की आपल्याला काही काळ दूर व्हायचे आहे. महिन्याभरात पट्टा परत केला. त्यामागे दोन गोष्टी होत्या. पहिली, प्रतिबंधित औषधांची. खेळात उत्तेजके सर्रास घेतली जातात आणि तपासणी ढिली आहे, हे तो बोलत होता. हेंड्रिक्सच्या लढतीआधी त्याने स्वतःहून कडक चाचणी मागितली होती. यूएफसीने बाहेरच्या संस्थेकडून वर्षभर चाचण्या घेण्याची पद्धत आणली ती २०१५ मध्ये, तो गेल्यानंतर. दुसरी गोष्ट भीतीची आणि मनाच्या थकव्याची. मला लढणे आवडत नाही, पिंजऱ्याकडे चालत जाताना मी घाबरलेला असतो, हे या विजेत्याने जितक्या सरळपणे सांगितले तितके क्वचितच कुणी सांगितले असेल. पट्टा राखण्याच्या वर्षांत झोप उडायची, तेच ते विचार डोक्यात फिरत राहायचे. आपल्याकडे पैलवानाने असे बोलणे कमीपणाचे समजतात. सेंट-पिएरच्या सरावातला काटेकोरपणा, इतक्या गुरूंकडे जाणे, प्रत्येक शक्यतेची तयारी, या सगळ्याचे मूळ त्याच भीतीत होते. घाबरत होता म्हणून शिकत राहिला.

चार वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०१७ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो परतला, वय ३६, वरच्या ८४ किलोच्या गटात, विजेता मायकेल बिस्पिंगविरुद्ध. तरुणपणी बसने ज्या शहरात शिकायला यायचा, त्याच शहरात. तिसऱ्या फेरीत डाव्या हुकने बिस्पिंग खाली गेला, सेंट-पिएरने पाठीवर जाऊन गळा आवळला. बिस्पिंगने हात आपटला नाही, तो शुद्ध हरपेपर्यंत लढला. त्याचा एक डोळा पूर्वीच्या लढतीत कायमचा निकामी झाला होता, हे जगाला नीट कळले ते त्याच्या निवृत्तीनंतर. जिंकलेल्याचीही अवस्था वेगळी नव्हती. वजन वाढवण्यासाठी सक्तीने खात राहिलेल्या सेंट-पिएरला मोठ्या आतड्याचा आजार जडला. ३३ दिवसांत त्याने तो पट्टाही परत केला.

त्याच नोव्हेंबरमध्ये, तीन आठवड्यांनी शांघायमध्ये, मुंबईचा भरत खंडारे यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतातून तिथवर पोहोचलेला तो पहिला लढवय्या. चीनच्या साँग यादाँगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळून त्याला हरवले. त्यानंतर हरियाणाच्या फोगट घराण्यातली रितू कुस्ती सोडून एमएमएकडे वळली, डेहराडूनचा अंशुल जुबली २०२३ मध्ये आशियाई निवड स्पर्धा जिंकून यूएफसीत गेला, आणि जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. महाराष्ट्राच्या तालमींतून आज अनेक मुले या खेळाकडे डोळे लावून आहेत. पट त्यांच्या अंगात मुरलेला आहे, खुराक आणि मेहनत ठाऊक आहे. उताण्या स्थितीतून लढणे आणि चेहऱ्यावरचा ठोसा चुकवणे त्यांना नव्याने शिकावे लागणार आहे. तेही ज्याच्या मनगटात वर्षानुवर्षांची कमाई आहे, त्याने पुन्हा नवशिका होऊन. सेंट-पिएरची गोष्ट मराठीत यायला हवी होती ती या मुलांसाठी, त्यांच्या वस्तादांसाठी, आणि मुलगा पिंजऱ्यात उतरणार म्हणून धास्तावलेल्या त्यांच्या आई-वडिलांसाठीही. पुढच्या पानांत विजयांइतकीच दुखापतींची, करारांची आणि माघारींची हकिगत आहे. ती गाळून वाचू नये.

२१ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली ती बेल सेंटरमध्येच, जिथे सेराला हरवताना ते सभागृह दणाणले होते. या वेळी पिंजरा नव्हता. एक टेबल, ध्वनिक्षेपक आणि पत्रकारांच्या खुर्च्या होत्या. अंगावर सूट होता, डोळ्यांत पाणी नव्हते. आपण निरोगी शरीराने, स्वतःच्या इच्छेने जातो आहोत, याचे समाधान त्याच्या बोलण्यात होते.

पुस्तक मात्र तिथून फार मागे सुरू होते: सेंट-इसिडोरमध्ये, शाळेत मार खाऊन घरी आलेल्या सात वर्षांच्या मुलापासून, ज्याला त्याचे वडील मूठ कशी वळायची ते दाखवत आहेत.